दहा मासे तांबं

ब्रिटिश कोलंबियात काळं अस्वल मारलं तर त्याचं खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येता येत नाही. चारही फरे आणि पाठीचं मांस घरी आणावंच लागतं, तसा कायदा आहे. त्यामुळे गोळी निवडायला बसलो तेव्हा माझ्यापुढे दोन प्रश्न होते. अस्वल हाल न होता लवकर पडेल का, हा एक. आणि त्या फऱ्याचा रस्सा माझ्या मुलीच्या ताटात पडेल तेव्हा त्यातून आणखी काय काय पडेल, हा दुसरा. दुकानात गेलं की सगळे पहिल्याचंच उत्तर देतात, तेही न विचारता.

मी प्रिन्स जॉर्जला राहतो. व्हँकुव्हरहून गाडीने उत्तरेला निघालं की दिवस मोडतो, तेव्हा येणारं हे लाकडाच्या गिरण्यांचं गाव. मूळचा बुलडाण्याचा. आमच्याकडे अस्वल म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला पहाटे शेतात गेलेला माणूस आणि नंतर त्याच्या चेहऱ्यावरचे टाके. ते अस्वल वेगळं, त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. इथल्या काळ्या अस्वलांची संख्या या एका प्रांतात सरकारी अंदाजाने लाखाच्या बरीच वर आहे. आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काऊन रे बाप्पा, तिकडं कोंबड्या नाई भेटत का?’

परवान्यांचं थोडक्यात सांगतो. रायफलच काय, काडतुसाची डबी विकत घ्यायलाही इथे ‘पाल’ नावाचा परवाना लागतो. सुरक्षेचा वर्ग, लेखी आणि हाताने करून दाखवायची परीक्षा, मग पडताळणी. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं. शिकारीसाठी ‘कोर’ नावाचा अभ्यासक्रम वेगळा. त्यात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते अस्वलं ओळखणं. काळं अस्वल काळंच असतं असं नाही, तपकिरी आणि दालचिनीच्या रंगाचंही असतं. इथलं दुसरं, मोठं अस्वल म्हणजे ग्रिझली. त्याच्या खांद्यावर मदार असते, चेहरा बशीसारखा आत दबलेला, कान आखूड. ग्रिझलीच्या शिकारीवर इथे 2017 च्या डिसेंबरपासून बंदी आहे. काळ्या अस्वलातलंच पांढरं जन्मणारं ‘करमोड’ अस्वल तर प्रांताचा मानाचा प्राणी, त्याला हात लावायचा नाही.

रायफल मी जुनी घेतली, .308 विंचेस्टर काडतुसाची, दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची. हे काडतूस 1952 साली आलं आणि लष्करी 7.62 नाटोचं सख्खं भावंड आहे. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर जी एसएलआर रायफल दिसायची तीही 7.62 च्याच मापाची. माझे एक मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, उभा जन्म काडतुसांत गेला. त्यांना फोन केला तर आनंदाने म्हणाले, ‘मग काय भाचेबुवा, आमची गोळी घाला!’ ती घालता येत नाही. लष्करी गोळीला शिशावर तांब्याचं पूर्ण आवरण असतं, अंगात शिरून ती न उमलता आरपार जाते. जनावर पळतं आणि कुठेतरी लांब तळमळत मरतं. म्हणून शिकारीत अशी गोळी इथे बेकायदा आहे, गोळी उमलणारीच हवी. युद्धात बरोबर उलटं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी 1890 च्या दशकात टोक उघडं ठेवलेली, अंगात गेल्यावर पसरणारी गोळी बनवली. तिच्यावरून इतका गदारोळ झाला की 1899 च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धापुरती बंदी घालण्यात आली. माणसावर चालवायची नाही ती गोळी जनावरावर चालवलीच पाहिजे. मामांना हे सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे पण.’

आता वजन. गोळ्या ग्रेनमध्ये मोजतात. डबीवर 150, 165, 180 असे आकडे असतात आणि नवख्याला त्यातून काही बोध होत नाही. मला झाला, कारण आमच्याकडे आजीचे दागिने जुन्या तोळ्यावर मोजलेले होते. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर 180 ग्रेन. तोळ्याचे बारा मासे, मासा 15 ग्रेनचा. तेव्हा 180 ची गोळी म्हणजे एक तोळा, 165 ची अकरा मासे आणि 150 ची दहा मासे. एवढंसं वजन सेकंदाला सव्वाआठशे मीटरच्या आसपास वेगाने निघतं, बाकी सगळी करामत वेगाची.

दुकानातल्या तरुण मुलाचा कल जड आणि जोरकस गोळीकडे. त्याने तक्ते दाखवले, चारशे मीटरवर किती ऊर्जा उरते, वारा किती ढकलतो. तक्ते चांगले होते. पण या भागात वसंतातलं अस्वल दिसतं ते लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांच्या आसपास, तोड झालेल्या पट्ट्यांवर, क्लोव्हर आणि पिवळ्या डँडेलियनवर चरताना. अंतर बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आत. तिथे चारशे मीटरचा तक्ता वाचणं म्हणजे नुसती करमणूक. उलट जवळच्या अंतरावर गोळी अजून पूर्ण वेगात असते. लांबवर उमलावी म्हणून नाजूक बनवलेली गोळी जवळून मारली तर खांद्याच्या हाडावरच फुटून जाते. कुठलं काडतूस मोठं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. .30-30 म्हणा, .308 म्हणा, .30-06 म्हणा, या कामाला तिन्ही पुरतात. काळं अस्वल काही गेंडा नाही. गोळी आत गेल्यावर एकसंध राहते की नाही, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

हे मला कळलं ते शेजारच्या आजोबांकडून. गिरणीतून निवृत्त झालेले, मुलगी त्यांना आजोबाच म्हणते आणि त्यांना त्याचा अर्थ ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं, ‘भोकं दोन पाहिजेत, आणि दुसरं खाली पाहिजे.’

याचं कारण अस्वलाच्या अंगात आहे. हरणाला गोळी लागली तर गवतावर रक्ताचा माग पडतो. अस्वलाला लांब दाट केस असतात, ते रक्त पिऊन टाकतात. कातडीखालची चरबी सरकते आणि भोकावर बसते. शरद ऋतूत तर पाठीवर कित्येक बोटं चरबी असते, वसंतात ती उतरलेली असते पण केस तेवढेच. गोळी आत राहिली आणि वरच्या बाजूला एकच भोक असलं तर रक्त छातीतच साठतं, बाहेर थेंब येत नाही. आणि अस्वल पळतं ते मोकळ्यावर नाही, दाट अल्डरच्या झाडीत, जिथे माणसाला रांगत जावं लागतं. जखमी अस्वलामागे रांगत जाणं कुणालाच नको. म्हणून गोळीने पलीकडून बाहेर पडलं पाहिजे, शक्यतो खालच्या अंगाने.

नेम धरण्यातही केस घोटाळा करतात. पोटाखाली लोंबणाऱ्या केसांमुळे अंगाची खालची रेषा आहे त्याहून खाली दिसते. हरणाच्या सवयीने खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरला तर गोळी नुसती केसांतून निघून जायची. फुप्फुसंही हरणापेक्षा थोडी पुढे, पुढच्या पायाच्या आडोशाला. पाय पुढे टाकलेला असेल किंवा जनावर आपल्याकडे पाठ करून तिरकं उभं असेल तेव्हाच वाट मोकळी मिळते. गोळीला लांब तिरका प्रवास करायचा आहे आणि बहुधा पलीकडचा खांदा फोडून निघायचं आहे, हे धरूनच निवड करायची.

या गोष्टीला इथल्याच मातीतला इतिहास आहे. 1946 साली जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन माणूस याच प्रांतात मूसच्या, म्हणजे इथल्या प्रचंड मोठ्या हरणाच्या, शिकारीला आला होता. त्याची रायफल त्या काळी ताकदीची, .300 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. मूस चिखलात लोळलेला, अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, आणि त्या काळच्या गोळ्या त्या थरावर आणि कातड्यावरच फुटून जात, आत पोचत नसत. घरी जाऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचं शिसं पसरतं, मागचं भिंतीआड शाबूत राहून पुढे ढकलत नेतं. दोन वर्षांत, 1948 मध्ये, त्याने ती विकायला काढली. ‘पार्टिशन’ या नावाने ती अजून मिळते आणि अस्वलासाठी आजही भल्याभल्यांची पहिली पसंती तीच.

त्यानंतर दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे शिसं आणि तांब्याचं आवरण एकमेकांना डाग दिल्यासारखं चिकटवून टाकायचं, म्हणजे आपटल्यावर ते सुटं होत नाही. दुसरी वाट शिसंच काढून टाकायची. अख्खी गोळी तांब्याची, टोकाला पोकळी. अंगात शिरली की टोक चिरून चार पाकळ्या मागे वळतात आणि बुंधा तसाच पुढे जातो. बार्न्स कंपनीने अशी गोळी 1989 मध्ये बाजारात आणली, आता बहुतेक सगळे बनवतात.

मी तीन जातींच्या डब्या आणल्या: साधी, चिकटवलेली आणि तांब्याची. तांब्याची किमतीला साधीच्या जवळपास दुप्पट. बायकोने पावती बघितली, काही बोलली नाही. पावती फ्रिजवर लावून ठेवली.

आधी कागदावर बघितलं. प्रत्येक रायफलची स्वतःची आवड असते, एकच गोळी एका नळीतून एकाच ठिकाणी पडते आणि दुसरीतून विखुरते. माझ्या नळीला चिकटवलेली सगळ्यात जास्त मानवली, तांब्याची किंचित मागे. शंभर मीटरवर बोटभर फरक. अस्वलाची छाती परातीएवढी असते, त्यामुळे या फरकाला मी काही किंमत दिली नाही. जात बदलताना नळी मात्र आतला तांब्याचा लेप निघेपर्यंत स्वच्छ करावी लागते, नाहीतर पुढच्या गोळीबद्दलचा अंदाज फसवा निघतो.

मग खडीच्या खाणीत दुधाचे चार लिटरचे रिकामे कॅन पाण्याने भरून एकामागे एक ओळीने मांडले. पाणी म्हणजे मांस नव्हे, हाड तर नव्हेच, पण तीन गोळ्यांची आपसात तुलना करायला पुरतं. साध्या गोळीने पहिला कॅन असा फोडला की झाकण कुठे गेलं ते सापडलं नाही. बघायला फार झकास. पण तिसऱ्या कॅनच्या तळाशी नुसतं चुरगळलेलं आवरण मिळालं आणि शिशाचा चुरा सगळीकडे. सोनारी काट्यावर ठेवली तर 165 ग्रेनपैकी 100 सुद्धा भरली नाही. चिकटवलेली भूछत्रासारखी छान पसरली, बरीचशी शाबूत, थोडी पुढे जाऊन थांबली. तांब्याची तिच्याही पुढच्या कॅनमध्ये मिळाली. चारही पाकळ्या जागेवर, वजन जवळजवळ पूर्ण. सगळे फाटके कॅन आणि पितळी नळकांडी गोळा करून आणली. त्या खाणीत लोक फार घाण करतात, टीव्हीसुद्धा फोडून टाकलेले असतात.

तिसऱ्या कॅनमधला तो चुरा बघून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मांसात शिरल्यावर तो चुरा कुठे जातो? 2008 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात एक्स-रेला शिशाचे कण दिसले आणि तिथल्या आरोग्य खात्याने ते मांस वाटू नका असं सांगितलं. कण इतके बारीक की दाताला लागत नाहीत आणि जखमेपासून बरेच लांब गेलेले असतात. शिसं मुलांच्या मेंदूला वाईट, हे रंगांच्या आणि पेट्रोलच्या बाबतीत आपण कधीच मान्य केलंय. कॅलिफोर्नियात 2019 च्या जुलैपासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. तिथे कारण झालं काँडोर गिधाडांचं, शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन ती मरत होती. कॅनडात पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे 1999 पासून बंद आहेत, रायफलच्या गोळीला मात्र मोकळीक. म्हणजे निर्णय माझ्यावर.

आजोबांना हे पटलं नाही. ते आयुष्यभर शिशाच्याच गोळीचं मांस खात आलेत आणि ऐंशीला टेकलेत. ‘मला काय झालंय?’ म्हणाले. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनाही ते नको होतं.

तर तांबं. वजन 150 ग्रेन, दहा मासे. शिशाच्या गोळीत मी 165 किंवा 180 घेतली असती. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती वजन गमावत नाही, म्हणून एक पायरी खाली उतरून वेग वाढवणं शहाणपणाचं. वेग तिला हवाच असतो, फार मंदावली तर पाकळ्या उघडत नाहीत. लांबच्या माऱ्याला हा तिचा दोष आहे. शंभर मीटरच्या आत तो प्रश्न येतच नाही.

मे संपत आला होता. संध्याकाळी तोड झालेल्या एका पट्ट्याच्या कडेला एक काळं अस्वल चरत होतं, आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मागे पिल्लं आहेत का हे दुर्बिणीतून खूप वेळ बघितलं. दोन वर्षांखालचं पिल्लू किंवा ज्याच्या सोबत पिल्लू आहे ते अस्वल मारता येत नाही, आणि पिल्लं कधीकधी आईच्या बरीच मागे झाडीत असतात. आजोबा कुजबुजले, नर आहे, एकटा आहे, कान बघ एकमेकांपासून किती लांब आहेत. अंतरमापकाने 85 मीटर दाखवलं. अस्वल आडवं होतं, मग चरता चरता तिरकं झालं, डावा पाय पुढे. फासळ्यांच्या मधोमध उंचीवर, जराशा मागून, पलीकडच्या खांद्याकडे नेम धरला आणि चाप ओढला.

ते उसळलं आणि झाडीत गेलं. काही सेकंदांनी आतून एक लांब कण्हणं ऐकू आलं. मरताना अस्वल असं कण्हतं हे वाचलं होतं. वाचून काही तयारी होत नाही. आजोबांनी टोपी काढली आणि मला अर्धा तास बसवून ठेवलं.

जिथे ते उभं होतं तिथे थोडे कापलेले केस होते, रक्त नाही. पुढे दहाएक पावलांपर्यंत काहीच नाही. मग एका पानावर थेंब, मग खोडाला गुडघ्याच्या उंचीवर लाल पट्टा, मग माग सरळ. चाळीसेक मीटरवर पडलं होतं. गोळी पलीकडच्या खांद्यामागून, खालच्या बाजूने निघून गेली होती, आणि तो लाल पट्टा त्याच दुसऱ्या भोकाचा. एकच भोक असतं तर त्या झाडीत, पडत्या अंधारात आम्ही काय केलं असतं याचा विचार मी नंतर केला.

सोलायला तिथेच बसलो. केस आणि चरबीखाली मांस लवकर गरम होऊन खराब होतं, थांबून चालत नाही. खराब झालेलं मांस भोकाभोवती तळहाताएवढं, बाकी फरा शेवटपर्यंत स्वच्छ. पित्ताशय मात्र तिथेच सोडून आलो. ते नुसतं जवळ बाळगणं हाही इथे गुन्हा आहे, कारण त्याच्या औषधी बाजारापायी जगभर अस्वलं मारली जातात.

स्वयंपाकाचं सांगायलाच हवं, कारण गोळीइतकाच तोही गंभीर विषय आहे. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो, आणि उत्तरेकडची त्याची जात फ्रीझरमध्ये मरत नाही. 2022 मध्ये सास्कॅचेवानमधल्या एका अस्वलाचं मांस 45 दिवस गोठवून ठेवलेलं होतं. त्याचे कबाब एका कौटुंबिक मेळाव्यात कच्चट राहिले आणि सहा जणांना लागण झाली. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, त्याच्यासोबत भाजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. आपल्या शाकाहारी पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावं. मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे, म्हणून इथले लोक खिमा भाजताना थर्मामीटर खुपसत बसतात. आपल्याकडे प्रेशर कुकर आहे. सुकं खोबरं, कांदा, आईने पाठवलेला काळा मसाला, आणि शिट्ट्या मोजायच्याच नाहीत, मऊ होईपर्यंत. चव डुकराच्या आणि म्हाताऱ्या बोकडाच्या मधली, किंचित गोडसर. चरबी वितळवून आजोबांच्या बायकोला दिली. त्या ती पिठात घालून ‘पाय’ (pie) भाजतात आणि लोण्यापेक्षा ती बरी म्हणतात. मुलगी दोनदा वाढून घेऊन उठली. आईने व्हिडिओ कॉलवर फक्त रंग बघितला आणि तिखट कमी आहे म्हणाली.

डबीत काडतुसं उरलीत. शरद ऋतूतल्या मूसच्या सोडतीसाठी अर्ज भरलाय. नाव लागलं तर तांब्याचीच पण 165 ची डबी घ्यावी असा विचार आहे, मूस अस्वलाच्या कितीतरी पट मोठा. आजोबांच्या मते तो एक मासा वाढवणं म्हणजे पैसे वाया. तसं ते ऊर्जेच्या तक्त्यांबद्दलही म्हणाले होते आणि तिथे मी त्यांच्या बाजूने होतो. इथे नाही.